मूर्च्छना, थाट आणि मोड : नाशिकच्या संदर्भात स्वरसप्तकाच्या अध्यापनाचा इतिहास

बीजसंज्ञा : मूर्च्छना, थाट, मोड, पेंटॅटॉनिक, औडव राग, गिटार, विष्णु दिगंबर पलुस्कर, संगीतशिक्षण

प्रस्तावना

पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९२२ च्या सुमारास नाशिक येथे रामनाम आधार आश्रमाची स्थापना केली. महाराष्ट्राच्या सांगीतिक इतिहासात ही घटना बहुधा एका थकलेल्या, कर्जाने गांजलेल्या आणि भक्तिमार्गाकडे वळलेल्या कलावंताची निवृत्ती म्हणून नोंदवली जाते. ती तशी पाहणे पूर्णतः चूक नाही. परंतु पलुस्करांबरोबर नाशिकला केवळ रामनाम आले नाही. १९०१ साली लाहोरला आणि १९०८ साली मुंबईला स्थापिलेल्या गांधर्व महाविद्यालयांतून घडलेली एक अध्यापनपद्धती या शहरात आली. ठरावीक अभ्यासक्रम, छापील पुस्तके, स्वरलिपी आणि समूहाने शिकणे ही तिची अंगे होत. पुढील काळात नाशिकमधील संगीतशिक्षण प्रामुख्याने याच घडणीचे राहिले.

त्याच शहरात आज गिटार शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या लक्षणीय आहे. हा विद्यार्थी काही महिन्यांतच 'मेजर स्केल', त्या स्केलचे सात 'मोड' आणि पाच स्वरांचे 'पेंटॅटॉनिक' या विषयांपाशी पोहोचतो. आयोनियन, डोरियन, फ्रिजियन, लिडियन, मिक्सोलिडियन, एओलियन, लोक्रियन ही सात नावे त्याला पाठ करावी लागतात. ती त्याला परकी वाटतात, आणि त्यामागील विचारही परका आहे अशी त्याची समजूत होते. शेजारच्या वर्गात 'मध्यमा' वा 'विशारद' परीक्षेसाठी काफी, खमाज, भैरवी हे थाट घोकणाऱ्या विद्यार्थ्यालाही आपण तेच स्वरक्रम शिकत आहोत याची कल्पना नसते. दोन अभ्यासक्रम एकाच गावात, प्रसंगी एकाच घरात नांदतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत. हे अपरिचित्व कसे निर्माण झाले, याचा ऐतिहासिक शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

येथे एक सावधगिरी आरंभीच नोंदवणे आवश्यक आहे. 'हे सारे आमच्या ग्रंथांत पूर्वीच होते' असे म्हणणे सोपे आहे आणि टाळ्या मिळवणारेही आहे. पण भरतमुनींना डोरियन मोड ठाऊक होता असे विधान जितके अनैतिहासिक, तितकेच 'मोड ही पूर्णतः पाश्चात्त्य कल्पना' हे विधानही अनैतिहासिक ठरते. साम्य आहे ते स्वरांतरांच्या क्रमात. संगीत त्याहून अधिक काही असते.

सिन्नर, देवगिरी आणि मूर्च्छनांची परंपरा

'नाट्यशास्त्रा'च्या अठ्ठाविसाव्या अध्यायात षड्जग्राम आणि मध्यमग्राम असे दोन ग्राम सांगितले असून प्रत्येकाच्या सात याप्रमाणे एकूण चौदा मूर्च्छना दिल्या आहेत. सात स्वरांचा क्रम कायम ठेवून आरंभस्वर बदलत जाणे, हे मूर्च्छनेचे स्थूल स्वरूप होय. याच ग्रंथात मूर्च्छनांवर आधारलेल्या चौऱ्याऐंशी तानांची गणना आहे. त्यांपैकी एकोणपन्नास सहा स्वरांच्या, म्हणजे षाडव, आणि पस्तीस पाच स्वरांच्या, म्हणजे औडव आहेत. सप्तकातून स्वर वगळून पाच स्वरांचा समूह तयार करण्याचा विचार अशा रीतीने मूर्च्छनेच्या विचाराशी प्रारंभापासून जोडलेला दिसतो. गिटारच्या आजच्या अभ्यासक्रमातही मोड आणि पेंटॅटॉनिक ही प्रकरणे लागोपाठ येतात, हा योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा नाही. सात स्वरांचे चक्र फिरवता येते हे एकदा लक्षात आले, की पाच स्वरांचे चक्रही फिरवून पाहावेसे वाटते.

हा विचार अत्यंत पद्धतशीरपणे मांडणारा 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ तेराव्या शतकात देवगिरी येथे, यादव राजा सिंघण याच्या आश्रयाने सिद्ध झाला. त्याचा कर्ता शार्ङ्गदेव हा काश्मीरहून दक्षिणेत आलेल्या घराण्यातील होता, आणि राजदरबारी हिशेबाच्या खात्याचा अधिकारी होता. ज्या यादवांनी त्याला आश्रय दिला, त्यांची देवगिरीपूर्वीची राजधानी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर येथे होती. सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर त्या वैभवाची साक्ष देत आजही उभे आहे. हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही पद्धतींना आधारभूत मानला गेलेला ग्रंथ ज्या राजवटीत लिहिला गेला, तिची पाळेमुळे नाशिक परिसरात होती, ही गोष्ट स्थानिक इतिहासलेखनात फारशी ठळकपणे येत नाही.

मूर्च्छनांचा आजच्या मोडशी संबंध कसा लागतो, हे प्रत्यक्ष पाहणे उचित होईल. षड्जग्रामातील स्वरांतरे षड्जापासून मोजली असता तीन, दोन, चार, चार, तीन, दोन, चार श्रुती अशी येतात. तीन व चार श्रुतींचे अंतर स्थूलमानाने पूर्णस्वराचे आणि दोन श्रुतींचे अर्धस्वराचे मानले, तर षड्जापासून सुरू होणारी 'उत्तरमंद्रा' ही मूर्च्छना आजच्या काफी थाटाशी, म्हणजेच डोरियन मोडशी जुळते. त्यानंतरच्या मूर्च्छना एकेक स्वर खाली उतरत जातात. निषादापासूनची 'रजनी' बिलावलाशी, म्हणजे ज्याला गिटारचा विद्यार्थी मेजर स्केल वा आयोनियन म्हणतो त्याच्याशी जुळते. धैवतापासूनची 'उत्तरायता' लोक्रियनशी, पंचमापासूनची 'शुद्धषड्जा' आसावरी व एओलियनशी, मध्यमापासूनची 'मत्सरीकृता' खमाज व मिक्सोलिडियनशी, गांधारापासूनची 'अश्वक्रांता' कल्याण व लिडियनशी, आणि ऋषभापासूनची 'अभिरुद्गता' भैरवी व फ्रिजियनशी. सातही जागा भरतात. तीन श्रुतींचा आणि चार श्रुतींचा पूर्णस्वर सारखाच धरण्याची सवलत मात्र येथे घ्यावी लागते. ही सवलत बारीक नाही. सात मूर्च्छनांचे भरताला अभिप्रेत असलेले सूक्ष्म भेद तिच्यात पुसले जातात, आणि गिटारचे समान अंतरांचे पडदे नेमकी हीच सवलत गृहीत धरून बसवलेले असतात.

स्थिर षड्ज आणि थाटांची मांडणी

मूर्च्छनापद्धती मागे का पडली, याचे अभ्यासकांनी दिलेले स्पष्टीकरण वाद्यांच्या इतिहासाशी निगडित आहे. प्राचीन वीणा धनुष्याकृती होती. समुद्रगुप्ताच्या सुवर्णनाण्यावर राजा जी वीणा वाजवताना दिसतो ती याच जातीची. तिच्यात प्रत्येक स्वराला स्वतंत्र तार असे. अशा वाद्यावर आज या तारेपासून, उद्या त्या तारेपासून आरंभ करणे स्वाभाविक होते. पुढे पडद्यांच्या वीणा प्रचारात आल्या, आणि सोळाव्या-सतराव्या शतकापासून तंबोऱ्याचा अखंड आधारस्वर गायनवादनाच्या केंद्रस्थानी आला. षड्ज स्थिर झाला. आरंभस्वर हलवण्याऐवजी स्थिर षड्जावर इतर स्वर कोमल वा तीव्र करणे अधिक सोयीचे ठरले. रामामात्याचा 'स्वरमेलकलानिधी' हा १५५० सालचा ग्रंथ आणि सतराव्या शतकातील व्यंकटमखीची बहात्तर मेलांची रचना या नव्या व्यवस्थेच्या खुणा होत.

या परंपरेचे हिंदुस्थानी संगीतातील आधुनिक रूप पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी सिद्ध केले. व्यवसायाने वकील असलेल्या भातखंडे यांनी १९०४ साली दक्षिणेचा प्रवास केला, तेथील मेलपद्धती अभ्यासली आणि हिंदुस्थानी रागांसाठी दहा थाट निश्चित केले. त्यांची 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' गुरुशिष्यसंवादाच्या रूपात मराठीत लिहिली गेली, हे मराठी वाचकाने विसरू नये. 'थाट' हा शब्द सतारीच्या परिभाषेतला आहे. चल थाटाच्या सतारीवर राग बदलला की काही पडदे सरकवावे लागतात. पडद्यांची ती विशिष्ट मांडणी म्हणजे थाट. भातखंडे यांनी वादकाच्या हाताखालील ही संज्ञा शास्त्राच्या पातळीवर नेली.

दहा थाटांपैकी बिलावल, काफी, भैरवी, कल्याण, खमाज आणि आसावरी हे सहा थाट मेजर स्केलच्या सात मोडपैकी सहांशी तंतोतंत जुळतात. भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी हे चार उरतात. मेजर स्केल कितीही फिरवली तरी ते तिच्यातून निघत नाहीत. त्यांतील कोमल ऋषभ आणि शुद्ध गांधार यांच्यासारखी जवळजवळ ठेवलेली अर्धस्वर व दीडस्वरांची अंतरे त्या चक्रात बसत नाहीत. लोक्रियनला मात्र थाट नाही, कारण त्यात शुद्ध पंचमच नाही. सहा जुळतात, चार उरतात आणि एक अडतो, हे गणित संगीताच्या वर्गात फळ्यावर मांडले तर दोन्ही पद्धतींच्या विद्यार्थ्यांना पंधरा मिनिटांत पुष्कळ काही उमगेल. मात्र ते सहसा मांडले जात नाही.

युरोपातील मोडचा प्रवास

पाश्चात्त्य मोडची नावे ग्रीक असली तरी त्यांचे आजचे अर्थ ग्रीक नाहीत. मध्ययुगीन चर्चसंगीतात प्राचीन ग्रीक नावे चुकीच्या क्रमाने लावली गेली. पुढे १५४७ साली ग्लारेआनुस या स्विस पंडिताने 'डोडेकाकॉर्डोन' या ग्रंथात एओलियन व आयोनियन यांची भर घालून बारा मोडची व्यवस्था मांडली. त्यानंतरच्या शतकांत मेजर व मायनर या दोनच स्केलनी युरोपीय संगीत व्यापले आणि उरलेले मोड लोकगीतांत व चर्चमध्ये राहिले. म्हणजे आपल्याकडे मूर्च्छनांचे जे झाले, साधारण त्याच काळात युरोपात मोडचे झाले. कारणे मात्र भिन्न. आपल्याकडे आधारस्वर स्थिर झाला म्हणून, तिकडे स्वरसंवादाची, म्हणजे कॉर्डची, व्यवस्था प्रबळ झाली म्हणून.

मोडचे पुनरुज्जीवन विसाव्या शतकात प्रामुख्याने जॅझ संगीतकारांनी केले. जॉर्ज रसेल यांचा लिडियन मोडवर आधारलेला सिद्धांत १९५३ साली प्रसिद्ध झाला, आणि माइल्स डेव्हिस यांच्या 'काइंड ऑफ ब्ल्यू' या १९५९ च्या ध्वनिमुद्रिकेने मोडवर आधारलेल्या उत्स्फूर्त वादनाला व्यापक मान्यता मिळवून दिली. तेथून ही परिभाषा अमेरिकेतील जॅझ विद्यालयांत आणि पुढे गिटारच्या असंख्य शिक्षणपुस्तकांत आली. नाशिकच्या विद्यार्थ्याच्या हाती जे 'मोड' पडतात ते ग्रीसमधून नव्हे, चर्चमधूनही नव्हे, तर या जॅझच्या वर्गातून आलेले असतात. प्रत्येक कॉर्डसाठी एक स्केल, अशा स्वरूपात ते येतात. एकाच आधारस्वरावर तासभर थांबण्याची कल्पना त्या वर्गात दुय्यम असते.

नाशिक : छापील पुस्तक, भजन आणि पेटी

नाशिकला पाश्चात्त्य स्वरव्यवस्थेचा परिचय गिटारपूर्वी झाला होता. शरणपूरची ख्रिस्ती वसाहत आणि देवळालीची छावणी यांमुळे एकोणिसाव्या शतकापासून प्रार्थनागीते व लष्करी वाद्यवृंद या परिसरात होते. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक आणि त्यांचे पती नारायण वामन टिळक यांच्या निमित्ताने एक उलट प्रवाहही दिसतो. टिळकांनी मराठी ख्रिस्ती उपासनेसाठी अभंग, भजन व कीर्तन या देशी घाटांचा आग्रह धरला. एका समाजाच्या उपासनेत कोणता स्वर, कोणती चाल असावी हा प्रश्न तेव्हाही केवळ कलेचा नव्हता.

पलुस्करांचा आश्रम हा या शहराच्या संगीतजीवनातील दुसरा आणि अधिक प्रभावी टप्पा. त्यांच्या अध्यापनपद्धतीचे मोठेपण निर्विवाद आहे. संगीत प्रतिष्ठित घरांतील मुलामुलींना शिकता येईल असे त्यांनी केले, स्वतःची स्वरलिपी तयार केली आणि लहान लहान क्रमिक पुस्तके छापली. त्यांच्या निधनानंतर १९३१ सालीच शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. या मंडळाच्या परीक्षा आज महाराष्ट्रातील संगीतशिक्षणाचा कणा आहेत. पलुस्करांचे पुत्र दत्तात्रेय विष्णु यांचे बालपण नाशिकला गेले. १९५५ साली अवघ्या चौतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले, तोपर्यंत त्यांनी ख्याल आणि भजन या दोन्ही प्रांतांत आपली मुद्रा उमटवली होती.

या पद्धतीचा एक परिणाम मात्र क्वचितच चर्चिला जातो. छापील अभ्यासक्रमात राग 'शिकण्याची वस्तू' झाला आणि थाट 'पाठ करण्याची यादी' झाली. मूर्च्छना ही संज्ञा परीक्षेच्या शास्त्रविषयक प्रश्नपत्रिकेत व्याख्येपुरती उरली. पलुस्कर वा भातखंडे यांचा हा दोष म्हणता येणार नाही. विखुरलेल्या, तोंडी आणि घराण्यांत बंदिस्त असलेल्या विद्येला सार्वजनिक रूप देणे हे त्यांच्यापुढील तातडीचे काम होते, आणि वर्गात पन्नास मुले असताना स्थिर षड्जच शिकवावा लागतो. तरीही व्याख्येपुरती उरलेली संकल्पना हळूहळू कानावेगळी होते, हेही खरे.

याच काळात मराठी मुलखात स्वरांच्या अंतरांविषयी एक तीव्र वाद चालू होता. निवृत्त सरकारी अधिकारी कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी प्रबंध प्रसिद्ध केला. अब्दुल करीम खाँ यांचे त्यांना साहाय्य होते. ई. क्लेमंट्स या सनदी न्यायाधीशांनी देवलांच्या संशोधनाचा पुरस्कार केला, आणि श्रुतींची हार्मोनियम घडवून घेण्यापर्यंत हा उद्योग गेला. १९१६ साली बडोद्यास भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत श्रुतींच्या प्रश्नावर खडाजंगी झाली आणि भातखंडे यांनी या मापनाला विरोध केला. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. ती सुमारे तीन दशके टिकली. वादाचा गाभा एकच होता : बारा समान अंतरांत बांधलेल्या सप्तकावर आपले संगीत शिकावे काय?

गिटारबाबत हाच प्रश्न पुन्हा उभा राहतो, परंतु कोणी तो आता तितक्या त्वेषाने विचारत नाही. समान अंतरांच्या सप्तकात शुद्ध गांधार चारशे सेंटवर पडतो. तंबोऱ्यातून ऐकू येणारा स्वयंभू गांधार सुमारे तीनशे शहाऐंशी सेंटवर असतो. चौदा सेंटचा हा फरक तंबोरा लावून गिटारवर भूप वाजवणाऱ्याला पहिल्या मिनिटातच खटकतो. पंचमात फरक अवघा दोन सेंटचा, म्हणून तो खटकत नाही. यावर वादकांनी वेगवेगळे मार्ग काढले. ब्रिजभूषण काब्रा यांनी हवाईयन गिटारचा, म्हणजे पडद्यांवर बोट न दाबता तारेवर कांडी सरकवण्याचा मार्ग स्वीकारून पडद्यांचा प्रश्नच निकालात काढला. शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह त्यांनी १९६७ साली केलेली 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका घरोघरी पोहोचली. 'शक्ती' या वृंदातील जॉन मॅक्लॉफ्लिन यांनी पडद्यांमधील लाकूड खोलगट केलेली गिटार वापरून मींड व आंदोलने साधली. सर्वसामान्य विद्यार्थ्यापाशी मात्र साधी गिटार असते, आणि तार ओढून स्वर चढवता येतो, उतरवता येत नाही.

पाच स्वर, पाच जागा

गिटारचा विद्यार्थी सर्वांत आधी जी आकृती शिकतो ती ए मायनर पेंटॅटॉनिकची. सर्वांत जाड तारेच्या पाचव्या पडद्यापासून ती सुरू होते आणि ए, सी, डी, ई, जी हे पाच स्वर तिच्यात येतात. याच पाच स्वरांच्या पुढच्या आकृत्या त्याच तारेवर आठव्या, दहाव्या, बाराव्या आणि पंधराव्या पडद्यापासून सुरू होतात. शिक्षणपुस्तकांत त्यांना 'बॉक्स' म्हणतात. विद्यार्थी हे पाच बॉक्स एकमेकांना जोडून संपूर्ण गिटारवर फिरायला शिकतो, आणि पुष्कळदा तेथेच थांबतो.

या पाच जागा म्हणजे एका औडव सप्तकाच्या पाच मूर्च्छना आहेत. ए हा षड्ज मानला तर सा, कोमल ग, म, प, कोमल नी, अर्थात धानी. सी षड्ज मानला तर सा, रे, ग, प, ध, म्हणजे भूप. डी मानला तर सा, रे, म, प, कोमल नी, म्हणजे मधमाद सारंगाचे स्वर, जे मेघातही येतात. ई मानला तर सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी, म्हणजे मालकंस. जी मानला तर सा, रे, म, प, ध, म्हणजे दुर्गा. हिंदुस्थानी संगीतातील अतिपरिचित पाच राग एकाच स्वरसमूहात दडलेले आहेत, आणि पहिल्याच महिन्यात बॉक्स शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याची बोटे त्यांवरून फिरून गेलेली असतात. त्याला ते ऐकू येत नाहीत, कारण त्याने षड्ज बदललेला नसतो. त्याने फक्त हाताची जागा बदललेली असते.

मोडच्या बाबतीतही अडचण नेमकी हीच आहे. सी मेजर स्केल डी पासून डी पर्यंत वाजवली म्हणजे डोरियन झाला, असे पुस्तक सांगते. विद्यार्थी तसे वाजवतो आणि त्याला सी मेजरच ऐकू येते. मग मोड ही कागदावरची कसरत आहे, असा त्याचा ग्रह होतो. डी चा आधारस्वर मागे सतत वाजत ठेवला, तर तोच स्वरक्रम काफीचा रंग घेतो. जॅझच्या वर्गात हे काम मागे चालणारा कॉर्ड करतो. एकट्याने सराव करणाऱ्या विद्यार्थ्यापाशी तो नसतो. तंबोरा मात्र नाशिकमधील कोणत्याही संगीतवर्गात असतो. पलुस्करांच्या परंपरेने मूर्च्छना वर्गाबाहेर ठेवली खरी, पण आरंभस्वर बदलला की काय घडते हे ऐकण्यासाठी लागणारा स्थिर षड्ज तिनेच जपून ठेवला आहे.

येथे साम्याची मर्यादाही दिसते. भूप आणि देशकार यांचे पाचही स्वर एकच. गांधाराचे प्राबल्य भूपाला, धैवताचे देशकाराला. भूप पूर्वांगात, देशकार उत्तरांगात रमतो. 'मेजर पेंटॅटॉनिक' या नावात हा भेद सामावत नाही. पण थाटातही तो कुठे सामावतो? भातखंडे यांनी भूप कल्याण थाटात आणि देशकार बिलावल थाटात ठेवला. या दोन थाटांत फरक केवळ मध्यमाचा, आणि दोन्ही रागांत मध्यम मुळातच वर्ज्य आहे. वर्गीकरणाची ही ओढाताण भातखंडे यांना दिसत नव्हती असे नाही. चलनावरून, जवळच्या रागांवरून आणि परंपरेवरून त्यांनी निर्णय केले. म्हणून थाट हे स्वरांचे कपाट मानावे, रागाचे घर नव्हे, ही गोष्ट गिटारच्या शिक्षकाइतकीच विशारदच्या शिक्षकानेही विद्यार्थ्याला सांगावी लागते.

दोन वर्गांमधील भिंत

ही भिंत ओलांडण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नव्हे. पलुस्करांचेच शिष्य प्रा. बी. आर. देवधर यांनी पाश्चात्त्य संगीताचा रीतसर अभ्यास केला आणि १९२५ साली मुंबईत स्कूल ऑफ इंडियन म्युझिकची स्थापना केली. कुमार गंधर्व याच संस्थेत घडले. दुसऱ्या बाजूने, गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलेखन शिकलेले वादक मुंबईच्या चित्रपटवाद्यवृंदांत आले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली वाद्यवृंद उभारून रागांवर आधारलेल्या रचना सादर केल्या. चित्रपटसंगीताच्या स्टुडिओत गोमंतकीय वादक आणि मराठी वा उत्तर भारतीय संगीतकार एकमेकांची भाषा रोज शिकत होते. त्या खोलीत काफी आणि डोरियन एकच आहेत हे कोणाला समजावून सांगावे लागत नसे. अभ्यासक्रमांत मात्र हे ज्ञान उतरले नाही. स्टुडिओत परीक्षा नव्हत्या, आणि परीक्षांत स्टुडिओ नव्हता.

महाविद्यालयीन स्तरावर हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आंतरविद्याशाखीय श्रेयांकांची व्यवस्था येत असून, अन्य शाखांचे विद्यार्थी संगीत हा विषय निवडू शकतात. असा विद्यार्थी बहुधा गिटार थोडीफार वाजवणारा असतो. त्याला पुन्हा अलंकार व थाटांच्या याद्यांपासून आरंभ करायला लावायचे, की त्याच्या बोटांना आधीच ठाऊक असलेल्या पाच बॉक्सपासून मालकंस आणि दुर्गा यांच्यापर्यंत न्यायचे, हा निर्णय शिक्षकाला घ्यावा लागेल. दुसऱ्या मार्गासाठी एक तंबोरा, एक साधी गिटार आणि षड्ज बदलण्याची मोकळीक एवढेच साहित्य लागते. पहिल्या मार्गासाठी छापील पुस्तक तयार आहे, आणि कदाचित म्हणूनच तो निवडला जाईल.

सातवी मूर्च्छना, उत्तरायता, या साऱ्यात मागे राहते. लोक्रियनचा सराव गिटारचे विद्यार्थी करतात, पण तिच्यावर स्थिरावणारी रचना क्वचितच ऐकायला मिळते. षड्जापासून अकरा श्रुतींवर, म्हणजे सप्तकाच्या बरोबर मध्यावर, तिचा पाचवा स्वर येतो. स्थिर षड्जाच्या भाषेत ती सा, कोमल रे, कोमल ग, शुद्ध म, तीव्र म, कोमल ध, कोमल नी अशी वाचावी लागते. दोन मध्यम आणि पंचम नाही. थाटाला प्रत्येक नावाचा एकच स्वर हवा असल्याने तिला तेथे जागा मिळाली नाही. रागाला तशी अट नाही. ललतात दोन्ही मध्यम एकापाठोपाठ लागतात आणि पंचम वर्ज्य असतो. पहाटेच्या मैफलीत त्याची उणीव कोणाला जाणवत नाही. ललताचे गांधार व निषाद शुद्ध आहेत, म्हणून तो उत्तरायता नव्हे. मात्र तीव्र मध्यमावरून शुद्ध मध्यमावर उतरणारे ते बोट गिटारच्या विद्यार्थ्याने लोक्रियन घोकताना अनेकदा टेकवलेले असते.